शेल्टरमधून मिक्स ब्रीडचं पिल्लू घरी आणलं, त्या सगळ्या प्रोसेसचा सविस्तर रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी चार. हे रेटिंग आमच्या चिंगीचं नाही, तिच्या बाबतीत मी निष्पक्ष राहूच शकत नाही, हे आहे ज्या शेल्टरमधून आणि ज्या फॉस्टर घरातून (म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत पिल्लाला तात्पुरतं सांभाळणाऱ्या घरातून) ती आमच्याकडे आली त्यांच्या कामाचं. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाहीये, मला जाहिरात करायची नाही आणि ज्या दोन-तीन तक्रारी आहेत त्यावरून त्यांच्यावर कुणी तुटून पडावं असंही वाटत नाही. पण पिल्लू दत्तक घ्यायचा विचार करताय तर नक्की काय बघायचं, काय विचारायचं, हे कळायला उपयोग होईल. मोठं झालंय, सवडीने वाचा.

आमचं घर म्हणजे मी, नवरा, दोन मुलं त्यातलं धाकटं अजून अगदी लहान, आणि सासूबाई, ज्यांना लहानपणी कुत्रं चावलं होतं आणि तेव्हापासून कुत्रं दिसलं की त्या रस्ता बदलतात. म्हणजे आमचं घर काही कुत्र्यासाठी आयतं तयार नव्हतं. त्यामुळे फॉर्ममध्ये एवढे प्रश्न बघून नवरा वैतागला तरी मला बरंच वाटलं. दिवसभर घरी कोण असतं, बाल्कनीला जाळी आहे का, घर भाड्याचं असेल तर मालकाला माहीत आहे का, आधी कुत्रं पाळलं होतं का आणि त्याचं पुढे काय झालं, सगळे बाहेरगावी गेलात तर पिल्लाला कोण सांभाळणार, आणि शेवटी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही. नुसती एकाची सही चालत नाही. मग त्यांच्या एक ताई घरी आल्या आणि त्यांनी पहिलं काम काय केलं तर सासूबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "आजी, तुम्हाला मनापासून नको असेल तर मोकळेपणाने सांगा, आम्हाला अजिबात वाईट वाटणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "आणा, पण अंगावर उड्या मारणारं नको." ते वाक्य त्या ताईंनी जसंच्या तसं फॉर्मवर लिहून घेतलं. मला तिथेच कळलं की ही माणसं पिल्लं खपवायला बसलेली नाहीत.

आणि दुसरं म्हणजे त्यांनी आम्हाला चक्क नाही म्हटलं. मुलांनी फोटोत बघून एक पांढरं गुबगुबीत पिल्लू ठरवून टाकलं होतं, त्याचं नावसुद्धा ठरलं होतं. ताई म्हणाल्या हे नाही देणार, हे जरा मोठा आवाज झाला की कोपऱ्यात गोठून बसतं, लहान मुलांच्या घरात त्याचे हाल होतील, त्याला शांत मोठ्या माणसांचं घर हवंय. मुलं रडली, धाकटा तर जेवायलाच तयार नव्हता. पण मला विचाराल तर ह्या सगळ्या सर्व्हिसमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच. जी संस्था तुम्ही बोट दाखवाल ते पिल्लू उचलून हातात देते, तिच्याकडून घेताना दहा वेळा विचार करा. कारण जोडी जमली नाही तर दोन-तीन महिन्यांनी ते पिल्लू परत जातं आणि प्रत्येक वेळी परत गेलं की त्याला घर मिळणं अजून अवघड होतं.

मग त्यांनी चिंगी सुचवली. साधारण पाच महिन्यांची, तपकिरी, एक कान उभा एक पडलेला, शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका. फोटोत काही खास दिसत नव्हती, खरं सांगते. भेटायला फॉस्टरच्या घरी गेलो तर आली, मुलांचे पाय हुंगले, आणि सासूबाईंपासून थोड्या अंतरावर खाली बसली. उडी नाही, काही नाही.

फॉस्टर घराबद्दल थोडं जास्त लिहिते कारण लोक ह्याचा विचारच करत नाहीत. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार महत्त्वाचा असतो, त्या काळात जी माणसं, आवाज, वस्तू चांगल्या अनुभवासोबत भेटतात त्यांची भीती पुढे कमी राहते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर ह्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये त्यांचं कितीतरी वर्षांचं काम छापलं तेव्हापासून हे नीट माहीत आहे. आता तुम्ही चार-पाच महिन्यांचं पिल्लू घेताय म्हणजे तो काळ तुमच्या हातात नव्हताच, तो आधीच होऊन गेलाय. म्हणून "किती क्यूट आहे" च्या आधी विचारायचा प्रश्न हा की त्या आठवड्यांत हे पिल्लू कुठे होतं, कुणाकडे होतं. चिंगी भावंडांसोबत अगदी लहान असताना सापडली आणि तेव्हापासून त्या फॉस्टर घरातच वाढली, जिथे मुलं होती, एक म्हातारं कुत्रं होतं, मांजर होतं, मिक्सर-व्हॅक्यूमचे आवाज होते. हे सगळं फॉस्टर काकूंनी हाताने लिहून दिलं, दोन पानं. काय आवडतं, कशाला घाबरते (हेल्मेट घातलेली माणसं, फडफडणारी प्लास्टिकची पिशवी), कुठे खाजवलं की खूश होते, रात्री किती वाजता शू लागते.

पण त्या दोन पानांतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काही ठिकाणी स्पष्ट लिहिलं होतं "माहीत नाही". गाडीत उलटी होते का, माहीत नाही, लांब कधी नेलं नाही. एकटी राहते का, माहीत नाही, आमच्याकडे कायम दुसरं कुत्रं सोबत असतं. एवढा सच्चेपणा फार कमी ठिकाणी मिळतो. ह्यातली दुसरी गोष्ट पुढे आमच्या डोक्याला ताप झाली पण निदान आम्हाला अंदाज होता.

आता तक्रार. तिच्या कार्डवर "लॅब्रॅडॉर मिक्स" लिहिलंय. कशावरून? तर दिसतं तसं. हे मला पटलं नाही आणि मी त्यांना तसं सांगितलंही. रस्त्यावरच्या आईची पिल्लं, बाप कोण कुणाला ठाऊक, आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळेसुद्धा असू शकतात. कान-रंग-तोंड बघून जात ओळखायला गेलं तर शेल्टरमधली अनुभवी माणसंही कितीदा चुकतात हे डीएनए टेस्टशी ताडून बघितलेलं आहे. आणि समजा बरोबर निघाली जात, तरी काय? २०२२ मध्ये सायन्स मासिकात एक मोठा अभ्यास आला, १८,००० पेक्षा जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली होती आणि दोन हजारांवर कुत्र्यांचा डीएनए तपासला होता, त्यात दिसलं की एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, ह्यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता येतो. दिसणं मात्र जातीवर खूप अवलंबून असतं. म्हणजे "लॅब आहे म्हणजे मुलांशी चांगलं" असं डोक्यात धरून कुणी पिल्लू नेलं तर ते पिल्लाच्या माथी उगाच अपेक्षा मारणं आहे. फॉस्टर काकूंची दोन पानं ही खरी माहिती, लेबल नाही. लेबल नसतं तरी चाललं असतं, नुसतं "मध्यम आकाराची होईल" एवढं पुरे. (ते पण त्यांनी सांगितलं, आणि आत्तापर्यंत तरी बरोबर वाटतंय.)

वय मात्र त्यांनी बरोबर काढलं होतं. व्हेटकडे पहिल्यांदा नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिचा ओठ अलगद वर केला आणि मुलांना जवळ बोलावून दाखवलं, वरच्या बाजूला दुधाचा सुळा, सुईसारखा बारीक, अजून हललेला नाही आणि त्याच्या अगदी चिकटून पुढे नवीन पक्का सुळा हिरडीतून जेमतेम टोक काढून आलेला. दोन्ही एकाच वेळी. पुढचे दात सगळे नवीन, पांढरेशुभ्र, कडा कंगोरेदार. सुळे साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात बदलतात, त्यावरून वय. दुधाचे २८ आणि पक्के ४२ दात असतात हे त्या दिवशी थोरल्याने पाठ केलं आणि येईल त्याला सांगत सुटला. थोड्या दिवसांनी सतरंजीवर एक पडलेला दात सापडला, तो त्याने काड्यापेटीत ठेवलाय. नवीन सुळा आला तरी दुधाचा पडला नाही तर मात्र व्हेटला दाखवायचं, अडकून राहिला तर दात वाकडे येतात.

मेडिकल फाइलबद्दल दुसरी तक्रार. जंताचं औषध, डिस्टेंपर-पार्वोची लस, रेबीजची लस, सगळं दिलेलं होतं, मायक्रोचिपही होती, पण लसीच्या एका डोसपुढे फक्त तारीख, कुठली लस त्याचं स्टिकर नाही, कुणी दिली त्याची सही नाही. फोन केला तर "दिलीय हो ताई, नक्की दिलीय". असेल दिली, पण व्हेट म्हणाले कागदावर नाही म्हणजे मी धरू शकत नाही आणि तो डोस परत दिला. एकच लस पुन्हापुन्हा का द्यायची असा प्रश्न पडत असेल तर कारण असं आहे की पिल्लाच्या अंगात आईकडून आलेल्या अँटीबॉडीज असतात, त्या असेपर्यंत लस नीट लागू होत नाही, आणि त्या नेमक्या कधी संपतात हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने डोस देत राहतात. त्यातला शेवटचा डोस सगळ्यात महत्त्वाचा आणि आमच्या कार्डवर नेमकं त्याच्यापुढेच स्टिकर नाही! पार्वोसारखा रोग पिल्लांचा अक्षरशः जीव घेतो, तिथे कागद चोख हवाच. हे सुधारा अशी कळकळीची विनंती. आणि मायक्रोचिपचं पण, चिप म्हणजे ट्रॅकर नव्हे, त्यात फक्त एक नंबर असतो, तो स्कॅनरने वाचायचा आणि त्या नंबरपुढे तुमचं नाव-फोन नोंदवलेलं असेल तरच उपयोग. आमच्या चिपवर अजून शेल्टरचाच नंबर होता, तो बदलायला आम्हालाच मागे लागावं लागलं.

आता चांगलं लिहिते, कारण घरी आल्यानंतर त्यांनी जी साथ दिली तिला तोड नाही. निघताना ताईंनी तीनच गोष्टी बजावल्या. पहिल्या आठवड्यात पाहुणे बोलवायचे नाहीत. लगेच अंघोळ घालायची नाही. आणि दाराबाहेर जाताना हार्नेस (छातीभोवती बांधतात तो) आणि गळ्यातला पट्टा दोन्ही, दोन दोऱ्या, एक सुटली तर दुसरी हातात. नवीन घरात आलेलं कुत्रं पहिल्या दिवसांत दारातून सुटून पळण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो, आणि पळालं तर परत कुठे यायचं हे त्याला माहीतच नसतं, हे घर त्याचं झालेलंच नसतं अजून. आम्ही दाराच्या आत मुलांच्या जुन्या पाळण्याचं फाटक अडवून लावलं, ते अजून आहे.

पहिले दिवस ती जेवणाच्या टेबलाखालून बाहेरच येईना. मुलांना सक्त ताकीद की टेबलाखाली हात घालायचा नाही, वाकून बघायचं नाही. आणि गंमत अशी झाली की ज्यांना कुत्र्याची भीती त्या सासूबाईंकडे ती सगळ्यात आधी गेली. कारण त्या तिच्याकडे बघतच नव्हत्या. खुर्चीत पेपर घेऊन बसायच्या, पाय वर घेऊन. एक दिवस चिंगी आली, खुर्चीभोवती लांबून चक्कर मारली, परत टेबलाखाली. मग थोडं जवळून चक्कर. मग पेपरचं खाली आलेलं टोक हुंगलं. सासूबाई हलल्या नाहीत, पेपर तसाच धरून मला हळूच म्हणाल्या, "अगं, काय करतेय ती?" मी म्हटलं, "आई, काही नाही, बसलीये तुमच्या चपलेवर." बराच वेळ तशीच बसून होती. नंतर त्यांनी पाय खाली घेतले. त्याच आता सकाळी सगळ्यात आधी तिचं पाणी बदलतात आणि कुणी तिच्यावर आवाज चढवला तर आम्हाला ओरडा बसतो.

एक प्रसंग मात्र घाबरवणारा होता आणि तिथे ह्या लोकांची खरी किंमत कळली. चिंगी चघळायचं खेळणं घेऊन बसली होती, धाकटा जवळ गेला, तर ती जागच्या जागी ताठ झाली, तोंड खेळण्यावर, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला आणि खालच्या आवाजात गुरगुरली. मी धाकट्याला उचललं आणि ताईंना फोन लावला. त्यांनी रात्री उशिरा पण उचलला. म्हणाल्या, आधी हे ऐका, तिला रागावू नका, गुरगुरली म्हणजे तिने सांगितलं की लांब राहा, हे सांगणंच बंद पाडलंत तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. मग समजावलं की तिच्याकडचं काही काढायचं असेल तर त्याहून भारी काहीतरी दूर टाकायचं, ती तिकडे गेली की वस्तू उचलायची, आणि बऱ्याचदा वस्तू परतसुद्धा द्यायची, म्हणजे माणूस जवळ आला की आपलं जातं असं नाही तर मिळतं, हे तिच्या डोक्यात बसतं. हे फक्त मोठ्यांनी करायचं, मुलांनी नाही. मुलांसाठी नियम एकच, ती खात असेल, चघळत असेल किंवा झोपली असेल तर जायचं नाही. ओठ चाटणं, उगाच जांभई, मान फिरवणं ही सगळी "मला नको आहे" ची लक्षणं, हे ताईंनी मुलांना व्हिडिओ कॉलवर दाखवून शिकवलं.

ह्याच विषयावर शेजारपाजारच्यांनी सल्ला दिला होता की तिला उलटं पाडून दाखवून द्या घरात बॉस कोण आहे. कृपा करून असलं काही करू नका. ती "अल्फा" ची, म्हणजे कळपात मारामारी करून बॉस होणाऱ्याची, कल्पना आली पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून. डेव्हिड मीच ह्या लांडग्यांच्या अभ्यासकानेच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलात लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, एक कुटुंब. तिथे सत्तेसाठी रोज मारामाऱ्या चालत नाहीत. आणि चिंगी लांडगा पण नाही, घाबरलेलं पिल्लू आहे.

शी-शू चं थोडक्यात. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर बाहेर न्यायचं, बाहेर केली की तिथल्या तिथे कौतुक आणि खाऊ, घरात झाली तर गुपचूप पुसायची. पुसायला अमोनिया असलेलं क्लीनर नको, त्या वासाने कुत्र्याला ती जागा शू ची वाटू शकते, एन्झाइमवालं मिळतं ते घ्या. आणि पिल्लं दिवसातले अठरा तास आरामात झोपतात, झोपू द्या. संध्याकाळी वेड्यासारखी पळत सुटते आणि पायाला चावे घेते तेव्हा बऱ्याचदा तिला झोप आलेली असते. चॉकलेट, द्राक्षं-मनुका, कांदा-लसूण, झायलिटॉलवाला (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) च्युइंगगम हे सगळं तिच्या तोंडाला पोचणार नाही असं ठेवा, माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या तर अजिबात देऊ नका.

एकटं राहण्याचं प्रकरण अजून चालू आहे. फॉस्टरच्या पानावर "माहीत नाही" होतं, ते कळलं, नाही राहत. आम्ही बाहेर पडलो की दार खरवडते, कुंईकुंई करते, जोरात धापा टाकते. इथे मात्र शेल्टरकडून मदत तोकडी पडली. त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तर पन्नास लोकांचे पन्नास सल्ले, त्यातले निम्मे "रडू द्या, शिकेल". घाबरून रडणारं कुत्रं तसं सोडून दिलं तर शिकत नाही, भीती अजून पक्की होते. शेवटी व्हेटनी ओळख करून दिलेल्या ट्रेनरकडून शिकलो. किल्ल्या उचलायच्या आणि परत ठेवायच्या, कुठेही न जाता. चपला घालून सोफ्यावर बसायचं. दार उघडून बंद करायचं. मग दाराबाहेर काही सेकंद, आणि ती अस्वस्थ व्हायच्या आत परत. वेळ अगदी सावकाश वाढवायची, जुन्या फोनचा कॅमेरा लावून तिच्यावर लक्ष ठेवून. आत्ता खालून भाजी घेऊन येण्याएवढा वेळ ती शांत झोपून राहते. तोपर्यंत घरी कुणीतरी थांबतंच, सासूबाई असल्याने ते जमतं. ज्यांच्याकडे दोघंही दिवसभर बाहेर असतात त्यांनी संस्थेला आधी हाच प्रश्न विचारा आणि "माहीत नाही" असं उत्तर आलं तर सोय काय करणार हे ठरवल्याशिवाय पिल्लू घरी नेऊ नका.

करारपत्र नीट वाचून सही करा. आमच्यात दोन अटी आहेत, एक म्हणजे कुठल्याही कारणाने सांभाळणं जमलं नाही तर परस्पर कुणाला द्यायचं नाही, त्यांच्याकडेच परत आणायचं, मग ती दहा वर्षांची असली तरी. काहींना ही अट जाचक वाटते, मला उलट ह्यामुळे संस्थेवर विश्वास बसला. दुसरी नसबंदीची. मादी साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येते आणि गाभण राहिली तर जेमतेम दोन महिन्यांत पिल्लं, त्यामुळे ही अट हवीच. फक्त ऑपरेशन नेमकं कधी हे कुत्र्याच्या आकारावर आणि तब्येतीवर ठरतं, म्हणून आम्ही त्यांच्याकडून करारात "व्हेटच्या सल्ल्याने" असे शब्द घालून घेतले, त्यांनी लगेच घातले. आमच्या व्हेटनी पुढच्या महिन्यात करूया म्हटलंय. ते पार पडलं की टाके, गळ्यातला कोन, मुलांना कसं लांब ठेवलं वगैरे सगळं इथेच खाली लिहीन, आणि तोवर कुणाला काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा.